चार पर्यायांतला देवमासा

लातुरात देवमासा चार पर्यायांत राहतो. खालीलपैकी सस्तन प्राणी कोणता? अ, ब, क, ड. गोल काळा करायचा आणि पुढच्या प्रश्नाला लागायचं. माझी मुलगी अकरावीत आहे, नीटच्या रांगेत. तिच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘बॅलिनॉप्टेरा’ हे नाव उंट, उंदीर, हत्ती यांच्या ओळीत निमूट बसलेलं असतं. गेल्या भाद्रपदात एका रात्री साडेअकराला ती ओळ घोकता घोकता तिनं मान वर केली. “आई, हा आपल्याकडं दिसतो का गं? खराखुरा?”

मला ‘हो’ म्हणवेना आणि ‘नाही’ही म्हणवेना. पुढचे पंधरा दिवस फावल्या वेळात हेच वाचत बसले, कोकणात दोन-चार फोन केले आणि दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवून टाकलं. तेवढ्यावर थांबायचं, तर कंधारला जाऊन मामांनाही सांगितलं.

मामा निवृत्त गुरांचे डॉक्टर. परभणीला शिकले, मुखेड, देगलूर, लोहा असं फिरत नोकरी काढली, आता दारात तीन लाल कंधारी गायी बाळगून आहेत. मी गेले तेव्हा गल्लीभर सोयाबीनचा भुसा उडत होता आणि मामा एका गायीचा मागचा पाय मांडीवर घेऊन खुरातला खडा काढत होते.

“कुठं निघालालीस म्हणं?”

“कोकणात. देवमासा बघायला.”

मामांनी खूर सोडला नाही. “जिता का मेलेला?”

मला वाटलं चेष्टा करतायत. करत नव्हते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर देवमासा माणसांच्या नजरेला पडतो तो बहुतेक वेळा वाळूतच, आणि मामांना ती यादी पाठ होती. “जून २०१५ ला रेवदंड्याला आला. निळा, बेचाळीस फुटी. वाळूतच गेला. जानेवारी २०१६ ला जुहूला आला तो मरूनच आला. आन् गणपतीपुळ्याचं ते पिल्लू…”

“ते जिवंत होतं मामा.”

“किती वेळ?”

ते सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिलेलं. २०२३ ची दिवाळी, पाडव्याचा आदला दिवस, किनारा सुट्टीच्या माणसांनी भरलेला, आणि वाळूत रुतून पडलेलं देवमाशाचं पिल्लू. गावातली माणसं, मच्छीमार, वनखातं सगळे धावले. ओली कापडं अंगावर घातली, पंपानं पाणी मारलं, सलाईन लावलं. चाळीसेक तासांच्या खटपटीनंतर त्याला ओढून खोल पाण्यात सोडलं. टाळ्या झाल्या. एक-दोन दिवसांत ते पुन्हा किनाऱ्याला लागलं, या वेळी मेलेलं.

“माझा हात शिवशिवत होता बघ,” मामा म्हणाले. “पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. वाळूवर त्याचं त्यालाच पेलावं लागतं, आन् आपल्याच अंगाखाली त्याचा श्वास चेपतो. वरून ऊन. आत चरबीची गोधडी, ती उष्णता जाऊ देत नाही बाहेर. त्यात आईचं दूध तुटलेलं. आपली गाय बसली आन् उठेना झाली तर आम्ही तिची दर चार तासाला कूस पालटतो, खाली कडबा घालतो. याची कूस कोण पालटणार?”

“म्हणजे सलाईन लावायला नको होतं?”

“कामून नको? मीबी तेच केलं असतं. पण तिथं मोबाईल धरून शेकडो माणसं उभी होती ना, त्यात मी उभा राहिलो नसतो. तू त्यातलीच व्हायला निघालीस.”

आमचं भांडण असं सुरू झालं आणि दिवे लागेपर्यंत चाललं. मधे दोनदा चहा झाला.

मी म्हणाले, मला वाळूतला बघायचाच नाही, पाण्यातला बघायचाय. मामांनी विचारलं, पाण्यातला कुठंय? इथं मला माझा पंधरा दिवसांचा अभ्यास कामाला लावता आला. देवमाशाला खोल पाणी लागतं, आणि आपल्या किनाऱ्यासमोर खोल पाणी फार लांब आहे. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला भूखंडमंच म्हणतात, ती समुद्रात बुडालेली उथळ जमीन मुंबईसमोर देशात सगळ्यात रुंद पसरलेली. मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटर आत आहे, तरी तिथं खोली पाऊणशे मीटरच्याच आसपास.

“पाऊणशे मीटर म्हणजे अडीचशे फूट,” मामांनी हिशेब केला. “लातूर ते नांदेड एवढं आत जायचं आन् पाणी अडीचशे फूट! अगं माय, आपली बोअर याच्या दुपटीनं खाली जाते, तरी हवाच लागते.”

हे मात्र मला सुचलं नव्हतं. 

“तर मग जिथं खोल पाणी जवळ आहे तिथं जा की.”

तशी जागा आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा नावाचं मच्छीमारांचं गाव. तिथं समुद्राचा तळ किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरच एकदम खाली उतरतो, म्हणून निळा देवमासा, पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येण्याच्या अंतरावर असतो. डिसेंबर ते एप्रिल हा तिथला मोसम. तो संपला की लोक त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्याला, त्रिंकोमालीला जातात. मी हे सांगितलं आणि लगेच म्हणाले, “पण चौघांचे पासपोर्ट, विमान, हॉटेल. आणि मला ‘आपल्याकडं’ बघायचाय. पोरीनं विचारलं ते ‘आपल्याकडं’ असं विचारलंय.”

“आपल्याकडं मन्याड आहे,” मामा म्हणाले. “मन्याडीचं पाणी मांजरेत, मांजरेचं कंदकुर्तीला गोदावरीत, गोदावरीचं बंगालच्या उपसागरात. पाण्यानं ठरवायचं तर तुझा समुद्र तिकडं पूर्वेला. तू चाललीस पश्चिमेला, लोकांच्या समुद्रावर हक्क सांगायला.”

मामांशी वाद घालताना ही अडचण असते, ते मुद्दा सोडून नदीच्या उगमाला जाऊन बसतात. मी त्यांना ओढून कोकणात आणलं.

कोकणात देवमासा नाही असं नाही. २०१५ साली कोकण सिटेशियन रिसर्च टीम ही तरुण अभ्यासकांची मंडळी सिंधुदुर्गच्या समुद्रात डॉल्फिन मोजत फिरत होती. त्यांना ब्राइड्‌ज देवमासे दिसले, आणि कुणकेश्वरसमोर निळा देवमासाही दिसला, पिल्लासकट. ब्राइड्‌ज म्हणजे चाळीस-पंचेचाळीस फुटांचा, डोक्यावर तीन उंच रेघा असलेला, उष्ण पाण्यातच राहणारा जीव. बाकीचे बहुतेक मोठे देवमासे ध्रुवाकडं ये-जा करतात, हा फारसा लांब जात नाही. तारली-मांदेलीचे थवे जिथं, तिथं हा. विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं प्रवाळाचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्या बाजूलाही देवमासे, डॉल्फिन दिसल्याच्या नोंदी आहेत. पण तिथं जायला काही रोज सुटणारी फेरी नाही. जे तिथं जातात ते अभ्यासाला नाहीतर मासेमारीला.

“म्हणजे तुला दिसणार नाही.”

“बहुतेक नाही.”

“आन् तरी जाणार.”

“डॉल्फिन दिसतील. तोही त्याच कुळातला.”

हे खरं आहे, आणि ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी इथं जरा थांबून सांगते. किनाऱ्याजवळ दिसतो तो सिनेमातला उड्या मारणारा डॉल्फिन नव्हे. हा करड्या रंगाचा, पाठीवर लांबट कुबड आणि त्या कुबडावर छोटा त्रिकोणी पर असलेला. उथळ पाण्यातलाच जीव, खाड्यांच्या तोंडाशी माशांसाठी घुटमळतो. म्हणून दापोलीकडचे मुरुड, कर्दे, हर्णे, दाभोळच्या खाडीचं तोंड, गुहागर, खाली मालवण, तारकर्ली, आणि कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबाग, निवती अशा ठिकाणी तो दिसतो. पावसाळ्यात समुद्र बंद. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला, आणि दिवसातली वेळ सकाळची, वारा उठायच्या आधीची. वारा उठला की पाण्यावर पांढऱ्या टोप्या दिसू लागतात आणि मग त्यात डॉल्फिनची पाठ शोधणं म्हणजे ज्वारीच्या राशीत तीळ शोधणं. पाण्याकडं बघण्याआधी आभाळाकडं बघावं. कुरर पक्षी एका जागी सूर मारत असतील तर खाली मासे आहेत, आणि मासे आहेत तर बाकीचेही येतात.

“हे सगळं मुखोद्गत आहे तुझं,” मामा म्हणाले. “चार वर्षांमागं गेली होतीस ना? तेव्हा काय बघितलंस, ते सांग आधी.”

ही गोष्ट मला टाळायची होती.

चार वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो ते ठिकाण सांगत नाही. किनाऱ्यावर पाटी होती, डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत. बोटीत अठरा माणसं, लाइफजॅकेटांना वर्षभराचा घामाचा वास. पाण्यात अर्धा तास गेल्यावर डाव्या हाताला करडी पाठ वर आली, कुबड, पर, आणि सायकलच्या टायरमधली हवा सोडावी तसा ‘फुस्स’ आवाज. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. माझ्या पोटात काहीतरी हललं. पण त्याच क्षणी आमच्या नावाड्यानं इंजिन ताणलं, आणि मी बघते तर चारही बाजूंनी बोटी त्याच पाठीकडं निघालेल्या. मी मोजल्या, आठ. दुसऱ्यांदा ती पाठ दूर निघाली, आठही बोटी तिकडं. तिसऱ्यांदा आणखी दूर. चौथ्यांदा निघालीच नाही. पाण्यावर डिझेलचा इंद्रधनुष्यी तवंग तेवढा राहिला, आणि माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “दिसला बाई एकदाचा, पैसे फिटले.”

मामांनी गायीचा पाय खाली ठेवला. “आता माझं ऐक. ही येत्या दोन महिन्यात विणार. विताना हिच्या भोवती आठ मोटारसायकली रेस करत फिरवल्या तर काय होईल? तो जीव तर आवाजावर जगतो. डोळ्यानं नाही, कानानं बघतो. त्याच्या घरात जाऊन तू ढोल वाजवायचा आन् वर म्हणायचं, मला त्याची लई माया.”

“म्हणून बघणंच सोडायचं? बघायचं कसं ते शिकायचं.” मग मी नियम सांगितले. बऱ्याच देशांत हेच पाळतात. डॉल्फिनपासून पन्नास मीटर, मोठ्या देवमाशापासून शंभर मीटर लांब राहायचं. पुढून आडवं जायचं नाही, पाठीमागून रेटायचं नाही, माय-लेकराच्या मधे शिरायचं नाही. इंजिन मंद ठेवून थांबायचं. त्याला यायचं तर तो येईल. आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे सगळे पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला.

“वाघामागंबी जीपा लागतातच. पंगत तीच, आन् वाढपीबी तेच.”

मी चिडले. मग जे बोलले ते ठरवून बोलले नव्हते, पण तेच लागू पडलं.

“मामा, मी दहा वर्षांची असताना मला याच गोठ्यात उभं करून, गायीच्या डाव्या कुशीत मूठ दाबायला लावून, रवंथाचं पोट दोन मिनिटांत किती वेळा हलतं ते कोणी मोजायला लावलं होतं? जनावर पुस्तकात बघू नये, हे कोण म्हणायचं? माझी पोरगी सगळी जनावरं पुस्तकातच बघते. लातुरात तिच्या वयाची हजारो पोरं आहेत, राज्यभरातून आलेली. त्यातली निम्मी उद्या डॉक्टर होतील. एकानंही कुठल्या जनावराच्या कुशीत मूठ दाबलेली नाही.”

मामा काही बोलले नाहीत. उठून आत गेले. मला वाटलं रागावले. परत आले ते बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन. त्यातून कापसात गुंडाळलेलं एक हाड काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं.

आंब्याच्या कोयीपेक्षा थोडं मोठं, पिवळट, हाताळून गुळगुळीत झालेलं. वरच्या टोकाला कप्पीसारखी खाच, खालच्या टोकालाही तशीच. 

“गायीच्या घोट्यातलं हाड. बोट फिरव. दोन्हीकडं कप्पी आहे का? अशी दुहेरी कप्पी फक्त जोडखुरी जनावरात असते. गाय, म्हैस, शेळी, हरीण, डुक्कर, उंट. घोड्यात नाही, कुत्र्यात नाही, माणसात नाही. आता ऐक. पाकिस्तानात देवमाशाच्या आदिम पूर्वजांचे सांगाडे निघाले, चार पायांचे. २००१ साली त्यांच्या घोट्याची हाडं लोकांपुढं आली. काय निघालं असेल?”

“हेच?”

“दुहेरी कप्पी. सगळे वाद तिथं मिटत आले. देवमासा हा मासा तर नाहीच, तो आपल्या गोठ्यातला आहे.”

मला यातलं काही माहीत नव्हतं. आणि मामा, जे मला दीड तास ‘जाऊ नको’ म्हणत होते, ते आता थांबेनात. जम्मूकडं राजौरी जिल्ह्यात कालाकोट आहे. तिथून ए. रंगा राव नावाच्या भूवैज्ञानिकानं दगड गोळा करून ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं ते दगड थेविसन नावाच्या परदेशी संशोधकाच्या हवाली केले. एका दगडातली कवटी साफ करताना कानाजवळचं हाड तुटलं आणि दिसलं की त्याची जाडी तऱ्हेवाईक आहे, तशी जाडी फक्त देवमाशांच्या कानात असते. २००७ साली हे जाहीर झालं. इंडोहायस नावाचं, मांजराएवढं, लहानशा हरणासारखं दिसणारं जनावर, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचं. संकट आलं की पाण्यात शिरणारं.

“आन् हा तुझ्या पायाखालचा काळा दगड किती वर्षांचा?” मामांनी अंगणातल्या फरशीवर टाच आपटली. “साडेसहा कोटी. देवमासा जन्माला यायच्या आधी कंधार होतं.”

“म्हणजे भावकीच की आपली. मग भेटायला जायला काय हरकत आहे?”

“भावकीत बोलावल्याशिवाय जाऊ नये.”

“लुबान कुठं बोलावल्यावर आली होती?”

लुबान ही एक कुबड्या देवमाशाची मादी. ओमानच्या अभ्यासकांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारं यंत्र बसवलं. अरबी समुद्रातले हे कुबडे देवमासे ध्रुवाकडं जातच नाहीत, जगातले त्यांचे सगळे भाऊबंद जातात. ओमानजवळ ते शंभरही उरलेले नाहीत. ही लुबान सरळ समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट मन्नारच्या आखातापर्यंत उतरली. लुबान म्हणजे आपण दर्ग्यात जाळतो तो लोबान. तिच्या शेपटीवरची नक्षी त्या झाडाच्या फुलासारखी, म्हणून नाव.

मामांना नाव आवडलं. दोनदा म्हणून बघितलं. मग त्यांचं दुसरंच सुरू झालं. “विताना कशी करत असतील गं त्या?” हा त्यांचा खरा प्रांत. मी वाचलेलं सांगितलं की पिल्लू बहुधा शेपटीकडून येतं. त्यावर ते इतके हसले की गाय दचकली. “आमच्याकडं वासरू उलटं आलं की रात्रीची झोप गेली म्हणून समज. हात खांद्यापर्यंत आत. तिकडं उलटं तेच सुलटं! बरोबर आहे, डोकं आधी आलं तर पहिला श्वास पाण्यात घेईल.” दुधाचंही त्यांना माहीत होतं. पिल्लाला ओठ नाहीत चोखायला, मायच तोंडात पिचकारी मारते. निळ्या देवमाशाचं पिल्लू दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास दूध पितं आणि त्या दुधाला चाळीस टक्क्यांच्या घरात फॅट. “डेअरीवाला यंत्र बदलून आणील,” मामा म्हणाले. “म्हणेल, पाणी कमी घातलंय.”

आता वाटेल की मामा वितळले. तसं झालं नाही. चहा पिऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं की माया असली की लांब राहावं. ज्याला जनावर कळतं तो त्याला उगाच हात लावत नाही. माझं म्हणणं असं की लांब राहणाऱ्याला माया फुकट पडते. समुद्रात रोज जाणाऱ्याला ती परवडावी लागते. जाळ्यात डॉल्फिन किंवा कासव अडकलं तर मच्छीमारानं काय करायचं? जाळं कापलं तर जीव वाचतो, पण जाळं जातं. हजारोंचं नुकसान. २०१८ च्या डिसेंबरपासून आपल्या राज्यात अशी योजना आहे की जाळं कापून संरक्षित जीव सोडला आणि त्याचं चित्रीकरण दाखवलं, तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. मच्छीमारांनी त्या योजनेत कासवं, डॉल्फिन, बहिरी (व्हेल शार्क) सोडलेत. आणि जो नावाडी हिवाळ्यात डॉल्फिन दाखवून घर चालवतो त्याला जिवंत डॉल्फिन मेलेल्यापेक्षा जास्त लागतो.

“तोच नावाडी इंजिन ताणतो.”

“कारण बोटीतली बाई म्हणते, पैसे फिटले पाहिजेत. बाई बदलली की नावाडी बदलेल.”

“बाई बदलणार आहे का?”

“मी फोन केलाय ना. देवबागच्या बाजूला एक जण आहे, त्याला आधीच सांगितलं, नाही दिसला तरी चालेल, पण पाठलाग करायचा नाही. तो हसला. म्हणाला, मग दिवाळीत येऊ नका, तेव्हा मला दहा फेऱ्या माराव्या लागतात. आडदिवशी या. आणि अमावस्या-पौर्णिमा सोडून या, तेव्हा उधाण असतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाण्याला ओढ कमी.”

तिथी आली तसे मामा सावरून बसले. शेतकऱ्याच्या घरात तिथीला जी किंमत असते ती तारखेला नसते. दिवाळीत नको हे त्यांना लगेच पटलं, पण ते म्हणत होते की कधीच नको. मी म्हणाले, दिवाळी नाही तर कधी? क्लासवाले सुट्टी देत नाहीत, दर रविवारी परीक्षा. तेव्हा त्यांनीच म्हटलं, “येळवशीला तर देतील का नाही?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची येळवस, वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं, सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, माठातलं अंबील. त्या दिवशी लातुरात मोठमोठे क्लासही हात टेकतात.

“येळवशीला रान सोडून समुद्रावर? मामा, तुम्हीच बोलाल मला.”

“येळवस करून निघा म्हणलं. पुढं आठ दिवसांनी अष्टमी येतेच. तुझा तो भांग का काय.”

मी काही बोलले नाही. ते आता मला दिवस काढून देत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं आणि मला ते लक्षात आणून द्यायचं नव्हतं.

“जाणार कशानं?”

“गाडीनं. आपला लोह्यावरून जाणारा रस्ताच आहे की. नागपूर-रत्नागिरी. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, आणि खाली रत्नागिरी. कुठं विचारायचीही गरज नाही.”

“मिरज,” मामा म्हणाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आलं, तेव्हा ते लातुरात आमच्याकडंच होते, पाय मोडून पडलेले. त्या पाण्याचा पहिला तांब्या त्यांनी तुळशीला घातला होता, म्हणून आईशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. “मिरजेवरून इकडं पाणी आलं. तू तिकडं पाणी बघायला चाललीस.”

“तुम्ही पण चला.”

“मी? आन् हिचं कोण बघणार? मी नावेत बसून कुणाच्या मागं लागणार नाही, एकदा सांगितलं.”

“नावेत नका बसू. रत्नागिरीत थांबा. तिथल्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. तो कुठं पळत नाही. त्याच्यामागं कितीही फिरा.”

मामांचा हात डब्यातलं हाड परत कापसात गुंडाळत होता, तो थांबला.

“मोठा आहे?”

“मोठा आहे.”

“कमरेचं हाड आहे का त्यात?”

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावलं. देवमाशाचे मागचे पाय गेले, पण कमरेची दोन लहान हाडं अजून शिल्लक आहेत. कण्याला जोडलेली नाहीत, नुसती मांसात तरंगतात. मेलेल्या देवमाशाचं मांस काढताना ती मांसाबरोबरच निघून जातात आणि सांगाडा उभा करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. “ती असली तर समज, ज्यानं सांगाडा बांधला त्याला जनावर कळत होतं.”

“फोन करून विचारते.”

“छे, फोनवर कोणीबी हो म्हणतं.” मामांनी डब्याचं झाकण लावलं, भिंतीवरचं कालनिर्णय खुंटीवरून काढलं आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. “येळवस कधी आहे म्हणालीस?”